दगडाची लोकर

कराड, १३ नोव्हेंबर १९७७

आज भाऊबीज. मला सख्खी बहीण नाही, पण हरणाबाई चौदा वर्षं न चुकता ओवाळायला येते. कोंडीबाची ही बायको. कोंडीबा म्हणजे माझ्या शेडवरचा पहिला गडी. फौजेतली हवालदारी संपवून मी कोल्हापूर नाक्यापाशी क्लच प्लेटा बनवायची पत्र्याची शेड टाकली, तेव्हा हा आटपाडीकडची मेंढरं भावाच्या हवाली करून माझ्या दारात उभा राहिला. तेव्हापासून ग्राइंडर त्याचा आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी आहे.

दरसाल मी हरणाबाईला लुगडं देतो. यंदा तिनंच उलट मला एक उशी दिली. गुबगुबीत आणि हाताला सायीसारखी मऊ. आत काय भरलंय म्हणून आमच्या चंद्राबाईनं विचारलं, तर म्हणाली, "लोकरच की वैनी. दुसरं काय आसनार आमच्या घरात?" चंद्राबाईला लगेच हेवा वाटला. मी म्हणालो, भाऊ मी, डोकं माझं, उशीही माझीच.

दुपारी मेहुणा नाथाजी आला. तो मास्तर, त्यामुळं प्रश्न फार. क्लच प्लेट म्हणजे नक्की काय, हे त्याला पुन्हा एकदा सांगितलं. इंजिन फिरतं, चाकं थांबलेली असतात, दोघांची गाठ घालून देणारी मध्यस्थ म्हणजे ही प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना लायनिंगचं कडं असतं. ॲस्बेस्टॉसचं सूत रेझिनमध्ये, म्हणजे तापवली की घट्ट होणाऱ्या राळेत, बुडवायचं, जिलबीसारखं गुंडाळायचं, तापल्या साच्यात दाबायचं, ग्राइंडरवर घासून सपाट करायचं आणि प्लेटीवर रिबिटांनी ठोकायचं. ड्रायव्हरनं पाय उचलला की सगळी घासाघास त्या कड्यावर. साधं सूत असतं तर जळून खाक झालं असतं. हे जळत नाही, कारण ते दगडातून निघतं. कोंडीबा त्याला दगडाची लोकर म्हणतो.

नाथाजीला पटलं की नाही माहीत नाही, पण चार करंज्या खाऊन गेला.

२१ नोव्हेंबर

उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रकांचे क्लच जायला लागतात आणि मला सुगी येते. सांगलीचे नानासो आमचं सूत पुरवतात आणि तयार प्लेटाही तेच उचलतात. त्यांचा निरोप आला, माल लवकर हवा.

कोंडीबा आज तीनदा ग्राइंडर थांबवून बाहेर गेला. ढास लागते म्हणे. मी म्हणालो, बिडी सोड. तो म्हणाला, "आण्णा, बिडी सोडून दोन वरसं झाली. तुमाला ठावं हाय." ठाऊक होतं, विसरलो.

संध्याकाळी हरणाबाई नेहमीसारखी आली आणि साच्याखालचा पांढरा भुगा, सुताची तुटकी टोकं गोणपाटात भरून घेऊन गेली. वर्षानुवर्षं नेते. मीच म्हणालो होतो, ने बाई, नाहीतरी ओढ्यातच जायचं. धनगराच्या बाईला लोकर म्हटली की फेकवत नाही, मग ती दगडाची का असेना.

२५ नोव्हेंबर

कोंडीबाला घेऊन मिरजेला गेलो होतो. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, हा माणूस कुठल्या धुळीत काम करतो? मी सांगितलं. मग त्यानं जे ऐकवलं ते मी इथं लिहितो, म्हणजे पुढं कधी खोटं ठरलं की दाखवता येईल. ही धूळ श्वासातून आत जाते ती बाहेर येत नाही, फुप्फुस कातड्यासारखं चिवट होत जातं. झालं ते परत फिरणार नाही, पण धूळ सुटली तर पुढचं थांबेल. नाही सुटली तर हा माणूस फार दिवस काढणार नाही. ग्राइंडरच नव्हे, त्या छपराखालीसुद्धा उभा करू नका.

वर मला एक कोरा कागद दिला. शेडमधल्या सगळ्यांची नावं लिहून आणा, फोटो काढू. तुमचंही नाव घाला.

मी म्हणालो, माझ्या शेडमधली माणसं ठणठणीत आहेत, मी तर घोड्यासारखा आहे. त्यानं फोटो पुन्हा एकदा उजेडासमोर धरला. मला ते जास्त झोंबलं. कागद घडी करून खिशात टाकला. कराडला येईपर्यंत एसटीत त्याच्या मागच्या बाजूला नव्या साच्याचं माप काढून टाकलं, वाया कशाला घालवायचा.

२८ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट गेला. कोंडीबाला शेडवर येऊ नको म्हणून सांगितलं. तो ग्राइंडरपाशी हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "मला हाकलता व्हय, आण्णा?"

मी म्हणालो, कडेगावच्या वस्तीवर जा, आराम कर, पगार घरपोच येईल. तो म्हणाला, "मेंढरामागं चालाय आता दम पुरत न्हाई. हितं निदान हुबं ऱ्हाऊन काम हाय. ह्ये बी काढलं तर मी मानूस कशाचा?"

अडलो की मी आवाज चढवतो. ओरडूनच सांगितलं, तुला नाही हाकलत, त्या धुळीला हाकलतो. ॲस्बेस्टॉसचा कणही नसलेली प्लेट बनवीन, आणि ती घाट चढली की तुला न्यायला मी स्वतः कडेगावला येईन. बिराप्पा आणि गुंडा, माझे दुसरे दोन गडी, हात थांबवून ऐकत होते. आता शब्द गेला. फौजेत दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नाही.

तोवर नानासोंचा माल तर द्यायलाच हवा. कोंडीबाच्या ग्राइंडरवर उद्यापासून मीच उभा राहणार. डॉक्टरला दाखवतो, धुळीनं काय होतं ते.

६ डिसेंबर

सांगलीला नानासोंच्या गादीवर गेलो. हळदीच्या पेठेतून जाताना इतक्या शिंका आणि खोकला आला की दोनदा पायरीवर बसावं लागलं. हळद यंदा फार तिखट असावी.

नानासोंना विचार सांगितला. ते हसले आणि गादीवरच्या आणखी दोघांनाही हसायला बोलावलं. म्हणाले, "हवालदार, सगळं जग ह्या सुतावर चालतंय आणि तुमी कराडात बसून जगाला शिकवनार?" मी म्हणालो, जगाचं मला माहीत नाही, माझ्या शेडचा मालक मी आहे.

तिथून तडक मिरजेला. तिथं जोतीराम नावाचा एक पोरसवदा माणूस फायबरग्लासच्या टाक्या आणि बसच्या खुर्च्या करतो. त्याच्याकडं काचेचे तंतू रिळावर गुंडाळलेले पाहिले. रेशमासारखे पांढरे. काडी पेटवून लावली, जळले नाहीत. ओढून पाहिले, तुटले नाहीत, माझं बोट मात्र कापलं. मला आनंद झाला. जळत नाही आणि तुटत नाही, आणखी काय पाहिजे? दोन रिळं खांद्यावर टाकून आलो. जोतीराम म्हणाला, "दादा, रेझिन धरंल तवाच खरं." त्याला म्हटलं, धरायला लावतो.

१२ डिसेंबर

काच शेडमध्ये आली आणि बिराप्पानं काम सोडायची भाषा केली. त्याच्या आजोळी कोणाला तरी काच खायला घालून मारलं होतं म्हणे. "आतडी फाटत्यात आण्णा." शेवटी त्यानं तोंडाला ओला पंचा गुंडाळला, हातापायाला तेल चोपडलं, तेव्हा कुठं रिळाला हात लावला. आणि ते झाल्यावर पंचा सोडून मोकळ्या तोंडानं ग्राइंडरखालचा पांढरा भुगा झाडत बसला. मी पोट धरून हसलो, मग खोकल्याची उबळ आली आणि हसणं थांबलं.

काच खरोखर खाजते. रात्रभर कोपरं ओरबाडत होतो. पण मला हा माल आवडलाय. टोचायचं ते तोंडावर टोचतो.

१९ डिसेंबर

अडचण अशी, काचेचे तंतू दोराएवढे जाड येतात. ते सोडवून, पीळ घालून बारीक सूत करायला हवं, आणि ते करणारं यंत्र माझ्याकडं नाही. पिंजणाऱ्याला विचारलं, त्यानं हात जोडले.

मग हरणाबाईची आठवण झाली. तिचं माहेर घोंगडी विणणाऱ्यांचं. निरोप धाडला, ती कडेगावहून सकाळच्या गाडीनं सूत कातायची चाती घेऊन हजर. शेडबाहेर लिंबाखाली बसली, तंतू नखावर घेतला, म्हणाली, "ह्ये मेंढरू लय हट्टी दिसतंय." दुपारपर्यंत बोटं लाल झाली, त्यावर हळद लावली आणि पुन्हा चाती फिरवली. आता रिळं घरी नेऊन सूत काढून आणणार.

कोंडीबाचं विचारलं. ढास तशीच आहे म्हणे. रात्री जास्त. "जरा उशीवर मान टेकली की सुरू." मी म्हणालो, गार वारं लागत असेल, खिडकी बंद ठेव.

२ जानेवारी १९७८

पहिली काचेची प्लेट साच्यातून निघाली. अशी देखणी की देवाऱ्यात ठेवावी. साच्याचा प्रेस तापला तेव्हा कसला तरी ओळखीचा वास आला, खमंगसा. नवं सूत आहे, येत असेल.

५ जानेवारी

फजिती. लालासाहेबांनी मोठ्या मनानं आपला ट्रक दिला. हे माझे फौजेतले जुने दोस्त, चिपळूणला गूळ पोचवतात आणि येताना मीठ आणतात. प्लेट बसवली आणि रिकाम्या गाडीनं उंब्रजच्या रस्त्याला निघालो. चार कोसांवर खालून धाडकन आवाज आला. उघडलं तर लायनिंगच्या चिंध्या. आणि सूत कसं, तर धुतल्यासारखं कोरं. डाळीवरून साल निघावी तसं रेझिन अंगावरून सुटलेलं.

बैलजोडीनं गाडी ओढून आणली. नाक्यावरच्या टपरीवर लोक उभे राहून बघत होते. मी मुद्दाम बैलांच्या पुढं चालत आलो, मान ताठ ठेवून. नानासोंच्या माणसानंही पाहिलं. पाहू दे.

८ जानेवारी

तीन दिवस डोकं खाजवलं. आज उरलेल्या सुताचा तुकडा तव्यावर टाकला आणि चंद्राबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, चिंचोके कोण भाजतंय?

दुपारी हरणाबाई सूत घेऊन आली, तिला तडक विचारलं. ती म्हणाली, "खळ दिली की आण्णा. चिंचोक्याची. खळीबिगर सूत घराबाहीर काढायची रीत न्हाई आमच्यात." घोंगडीच्या सुताला द्यावी तशी तिनं काचेच्या प्रत्येक वितीला मायेनं खळ चोपडली होती. रेझिन बिचारं खळीवर बसलं, काचेपर्यंत पोचलंच नाही. मी कपाळावर हात मारून ओरडलो की मला आधी सांगितलं का नाहीस. ती जराही दबली नाही.

"तुमी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

मग आम्ही दोघंही हसलो. हसून झाल्यावर तिनं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. बकरीचा केस एकटा पिळला तर सरकतो, त्याला लोकरीची जोड दिली की धरतो. मला एकदम उजेड पडला. काच रेझिन पीत नाही, कापूस पितो. दोघांना एकत्र पिळायचं. काच ताकदीला, कापूस रेझिन धरायला, आणि उष्णता वाहून न्यायला पितळेची बारीक तार नेहमीप्रमाणं.

४ फेब्रुवारी

पाच प्लेटा झाल्या, पाचही नापास. पण आता फुटत नाहीत. चौथी गाडीला धक्के देत होती. लालासाहेब म्हणाले, ट्रक चालवतोय की करडू? काच जास्त झाली होती, कमी केली. जोतीरामनं सांगितल्यावर सूत आधी रबराच्या चिकात बुडवून वाळवलं, मग रेझिन दिलं. आता सुरीनं सोलायला गेलो तरी सुटत नाही.

सकाळी प्रेसचा दांडा ओढताना दम लागतो. दांड्याला वंगण घालायला हवं. चंद्राबाई म्हणते तुमी झोपेत खोकता, उठून बघते तर उशीत तोंड खुपसून पडलेले असता. तिची झोप हलकी, त्याला मी काय करू?

१६ फेब्रुवारी

आज मिरजेच्या डॉक्टरला पत्र टाकलं. अगदी मुद्देसूद. कोंडीबा पावणेतीन महिने घरी आहे. धुळीशी त्याचा संबंध नाही. तरी खोकला तसाच, उलट जास्त, आणि अंगानं खंगत चाललाय. तुम्हीच म्हणाला होता, धूळ सुटली की पुढचं थांबेल. थांबलं नाही. सबब, दोष धुळीचा नाही. मी स्वतः त्याच ग्राइंडरवर उभा राहतो आणि मला काहीही झालेलं नाही. खाली सही ठोकली, हंबीरराव, माजी हवालदार.

बरं वाटलं. काचेची प्लेट मात्र पुरी करणारच. डॉक्टर खोटा ठरला म्हणून माझा शब्द खोटा होत नाही.

२७ फेब्रुवारी

 आज सहावी प्लेट कुंभार्ली घाट चढली.

लालासाहेब स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागं नऊ टन मीठ. भर चढावर तीन वेळा गाडी उभी करायला लावली आणि तीन वेळा पहिल्या गिअरवर उचलायला लावली. क्लच जळल्याचा वास येतो का म्हणून मी नाक खाली घालून बसलो होतो. नाही आला. धक्का नाही, घसरणं नाही, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. शेवटच्या वळणावर लालासाहेबांनी स्टिअरिंगला हात जोडले आणि म्हणाले, "हंबीरराव, आता कुनाच्या बापाला भ्यायचं न्हाई."

चाकाला दगड लावायला उतरलो तेव्हा मात्र दहा पावलांत धाप लागली, डोळ्यांपुढं काजवे आले. घाटात हवा विरळ असते.

८ मार्च

डॉक्टरचं उत्तर आलं. दोनच ओळी. "धूळ सुटली असं तुम्ही म्हणता. घरी ती कशातून येते, ते शोधा."

याला म्हणतात पडलो तरी नाक वर. कोंडीबाच्या घरी दोन शेळ्या आहेत आणि चार कोंबड्या. त्यांनी काय ग्राइंडर लावलाय? पत्र टराटरा फाडणार होतो, चंद्राबाईनं काढून घेतलं.

१४ मार्च

नानासो स्वतः शेडवर आले. काचेची प्लेट हातात घेतली, वाजवून पाहिली, आवडली हे डोळ्यांत दिसत होतं. पण म्हणाले, हा खेळ बंद करा. दोन दगडांवर पाय चालणार नाही. काचेचं करायचं असेल तर माझं सूत मिळणार नाही आणि तुमची एकही प्लेट मी उचलणार नाही.

मी म्हणालो, "न्हाई उचलली तर लालासाहेब उचलतील. त्यांच्या ओळखीचे अकरा ट्रक आहेत. तुमच्या सुताचं शेवटचं पोतं तेवढं परत घेऊन जा."

त्यांना वाटलं मी चहा घेऊन शांत होईन. चहा दिला, पण पोतंही गाडीत टाकलं. बिराप्पा आणि गुंडा घाबरलेत. मीही थोडा घाबरलोय, पण हे त्यांना कळता कामा नये. परवा कोंडीबाला आणायला जातो.

२२ मार्च

सोळा तारखेलाच जाणार होतो, पहिली पेटी पुरी व्हायला आज उजाडलं. सहा प्लेटा सुतळीनं बांधून सकाळच्या एसटीनं कडेगाव, तिथून वस्तीपर्यंत चालत. वाटेत चारदा बसलो.

कोंडीबा बाजेवर होता. एवढासा झालाय. मी प्लेट त्याच्या हातात दिली. त्यानं डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. "हितं जरा खरबरीत हाय आण्णा. गायंडर कोन मारतंय?" मी म्हणालो, मी. "तरीच," तो म्हणाला आणि हसला. हसता हसता ढास आली. ती थांबेना, तेव्हा त्यानं थकून मान मागं उशीवर टाकली.

कौलांमधून उन्हाची तिरीप नेमकी बाजेवर पडली होती. त्याची मान पडली आणि उशीतून पांढरा धुरळा उठला. बारीक, चमचमणारा, उन्हात तरंगणारा. हा धुरळा मी चौदा वर्षं रोज शेडच्या खिडकीत पाहिलाय. जगात दुसरं काहीही तसं तरंगत नाही.

मी हरणाबाईला विचारलं, या उशीत काय आहे?

ती चुलीपाशी होती. अगदी सहज म्हणाली, "तुमचीच लोकर की आण्णा, दगडाची. पिंजून भरली. ढेकूण लागत न्हाई, इस्तवाला भीत न्हाई. ह्यांची पाठ दुखायची, म्हनून आधी ह्यांना केली. मग तुमाला."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. कोंडीबानं माझं मनगट धरलं. "तिच्यावर नगा वरडू. मायेनं दिली तिनं."

तिच्यावर कुठलं ओरडतो. ने बाई म्हणणारा मी. गोणपाट उचलून तिच्या डोक्यावर देणारा मी. डॉक्टरनं घर शोधायला सांगितलं तर शेळ्या मोजणारा मी. ती तेव्हाच सांगून बसली होती की मी विचारलंच नाही.

सगळं तिला सांगितलं, जेवढं डॉक्टरनं मला सांगितलं होतं तेवढं.  मग तिनं नवऱ्याच्या मानेखालून उशी काढली, स्वतःच्या पदराची घडी करून तिथं ठेवली, आणि उशी माझ्या हातात न देता आधी अंगणात नेऊन पाण्यात भिजवली, धुरळा उडू नये म्हणून. मला ते सुचलं नव्हतं.

मी ओली उशी उचलून निघालो तेव्हा कोंडीबानं विचारलं, "मग मी येऊ का न्हाई?" मी म्हणालो, निरोप धाडतो. 

२५ मार्च, धुळवड

काल होळी. नाक्यावरच्या होळीत दोन्ही उशा मी माझ्या हातानं टाकल्या, त्याची आणि माझी. जे जळत नाही म्हणून चौदा वर्षं विकलं, ते जळेल असं मला का वाटलं, कोणास ठाऊक. राग आला की माझं शिक्षण उडून जातं.

सकाळी गेलो तर राखेत दोन पांढरे गोळे जसेच्या तसे. खोळी जळाल्या, आतलं हसत होतं. आजूबाजूच्या बायका जमलेल्या. होळीनं न खाल्लेली वस्तू म्हणजे देवाची करणी, म्हणून कोणी तरी त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि पोरं कपाळाला लावायला राख उचलायच्या बेतात. मी सगळ्यांना हाकललं. शिव्या दिल्या, धुळवडीच्या दिवशी त्या खपून गेल्या. चंद्राबाईनं घागरीमागून घागर पाणी आणून राखेसकट सगळं भिजवलं, आणि आम्ही शेडमागं कमरेएवढा खड्डा खणून ते त्यात गाडलं. बिराप्पा आणि गुंडा तोंडाला ओले पंचे बांधून मदतीला आले. आज मी हसलो नाही, मीही बांधला.

खणताना सात वेळा थांबलो. मोजलं. दांड्याचं वंगण, हळद, घाटातली हवा, सगळी कारणं मनात आली आणि त्यातलं एकही टिकलं नाही. चंद्राबाईनं माझ्या हातातून कुदळ घेतली आणि उरलेला खड्डा तिनंच खणला.  

दुपारी शेडमध्ये पाणी ओतलं. भिंती, पत्रे, ग्राइंडर, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. मग लिंबाखाली एक खुर्ची मांडली. ती कोंडीबाची. छपराखाली उभं करू नका म्हणाला होता ना डॉक्टर, मग लिंब काही छप्पर नाही. तिथं बसून तो एकेका प्लेटीवर अंगठा फिरवील, आणि त्याच्या अंगठ्यानं पास केल्याशिवाय या शेडमधून एकही काचेची प्लेट बाहेर जाणार नाही. त्याच्यात किती दिवस उरलेत मला माहीत नाही. जेवढे आहेत तेवढे त्यानं माणूस म्हणून काढावेत, बाजेवर नव्हे. निरोप घेऊन गुंडा तीनच्या गाडीनं गेलाय.

नानासोंनी आज पुन्हा माणूस धाडला होता, एक पोतं सूत घेऊन, झालं गेलं विसरू म्हणून. पोतं गाडीतून उतरूही दिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरचा तो कागद शोधून काढला. मागं साच्याचं माप, पुढं कोरा. सोमवारी सगळ्यांनी मिरजेला जायचं. कोंडीबाचं नाव लिहिलं, हरणाबाईचं लिहिलं, मग बिराप्पा, गुंडा, आणि या घरात चार महिने माझ्या शेजारी झोपलेली चंद्राबाई. फोटोत जे निघायचं ते निघो, मंगळवारी प्रेस तापणार आहे, मी असलो तरी आणि नसलो तरी. वर थोडी जागा उरली होती. तिथं, सगळ्यांच्या आधी, माझं नाव घातलं.